बाळासाठी बधिर करणारं औषध: बेंझोकेन, प्रिलोकेन की लिडोकेन?

दात येताना बाळ रडतंय किंवा उद्या त्याचं रक्त तपासायला द्यायचंय, म्हणून बधिर करणारी ट्यूब आणणार असाल, तर आधी बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचा. बहुतेक वेळा तिथे बेंझोकेन, प्रिलोकेन किंवा लिडोकेन असतं. वेदना तिन्ही कमी करतात, पण रक्तावरचा परिणाम सारखा नाही.

यातल्या काही औषधांमुळे रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं ऑक्सिडीकरण होऊ शकतं; तसं झालं की त्याचं मेथहिमोग्लोबिन होतं. ते ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. उरलेलं चांगलं हिमोग्लोबिनही मग आपल्याजवळचा ऑक्सिजन पेशींना सहज देत नाही. हा बिघाड दुरुस्त करणारं एन्झाइम आपल्या सगळ्यांच्या रक्तात असतं, मात्र पहिल्या काही महिन्यांत बाळाकडे ते मोठ्यांच्या जवळपास निम्मंच असतं. म्हणून वय इथे फार महत्त्वाचं.

बेंझोकेन दोन वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात नकोच. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलं. हिरड्यांवर लावलेलं जेल लाळेबरोबर काही मिनिटांत वाहून जातं, म्हणजे फायदा नगण्य आणि धोका जिवाचा. मागच्या वेळी काही झालं नाही, यावर भरवसा ठेवू नका. मोठ्यांमध्येही एंडोस्कोपीपूर्वी घशात मारलेल्या बेंझोकेनच्या फवाऱ्याने हा त्रास झाला आहे.

बेंझोकेन नको म्हणून हिरड्यांवर लिडोकेन लावणं हाही उपाय नाही. त्याने मेथहिमोग्लोबिन क्वचितच वाढतं, पण बाळाने ते गिळलं तर झटके येऊ शकतात, हृदयावर परिणाम होऊ शकतो. दातांसाठी स्वच्छ बोटाने हिरड्या चोळा, फ्रिजमध्ये गार केलेलं (गोठवलेलं नव्हे) टीदर, म्हणजे चावायचं खेळणं, द्या. माझ्या मते एवढं पुरेसं आहे.

सुई टोचण्याआधी त्वचेवर लावायचं असेल तर निवड खरी आहे. लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी २.५ टक्के असलेलं मलम चांगलं काम करतं, मात्र वर पट्टी लावून तासभर थांबावं लागतं. यातल्या प्रिलोकेनपासून शरीरात ऑर्थो-टोल्युडीन बनतं आणि तेच लोह बिघडवतं. त्यामुळे मर्यादा पाळा: तीन महिन्यांखालच्या किंवा पाच किलोखालच्या बाळाला जास्तीत जास्त १ ग्रॅम, १० चौरस सेंटिमीटर त्वचेवर, एक तास. तीन ते बारा महिन्यांच्या, पाच किलोवरच्या बाळाला २ ग्रॅम, २० चौरस सेंटिमीटर. अकाली जन्मलेल्या बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावूच नका. वर्षाखालचं बाळ सल्फाची प्रतिजैविकं किंवा डॅप्सोन (कुष्ठरोगासाठीही वापरलं जाणारं औषध) घेत असेल, तर प्रिलोकेन टाळून नुसत्या लिडोकेनच्या मलमाबद्दल डॉक्टरांना विचारा. जखमेवर किंवा इसबावर तर कुठलंच स्वतःहून चोपडू नका, तिथून औषध भराभर शोषलं जातं.

लावल्यावर काही मिनिटांत किंवा काही तासांनीही ओठ, जीभ, नखं निळसर-राखाडी दिसली, बाळ मलूल झालं किंवा धापा टाकू लागलं, तर वाट पाहू नका. सावळ्या त्वचेवर हा रंग कळत नाही, म्हणून ओठांच्या आतली बाजू पाहा. ऑक्सिजन देऊनही ऑक्सिमीटरचा आकडा ८५च्या आसपास अडकतो, रक्त चॉकलेटी दिसतं. उलगडा होतो तो मेथहिमोग्लोबिनच्या तपासणीतूनच, म्हणून ट्यूब सोबत घेऊन रुग्णालय गाठा. शिरेतून मिथिलीन ब्लू हे उताऱ्याचं औषध दिल्यावर सहसा तासाभरात फरक पडतो, पण जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांना ते घातक ठरू शकतं. घरात कुणाला ती असेल, तर रुग्णालयात शिरतानाच सांगा.