जुनं पिनबॉल दुरुस्तीला घेताना: रिलेवालं की बोर्डवालं?

पहिल्यांदाच जुनं पिनबॉल मशीन घेऊन स्वतः दुरुस्त करणार असाल, तर माझं मत आधीच सांगते: रिलेवालं, म्हणजे विजेच्या चुंबकाने हलणाऱ्या स्विचांवर (रिलेंवर) चालणारं, घ्या. साधारण १९७७ च्या आधीची मशीनं अशीच, इलेक्ट्रोमेकॅनिकल. त्याच सुमारास बॅली, विल्यम्स आणि गॉटलीब या पिनबॉल बनवणाऱ्या कंपन्या सॉलिड स्टेटकडे, म्हणजे सर्किट बोर्डांकडे वळल्या.

रिलेवाल्या मशीनमध्ये लपलेलं काही नसतं. खेळाची फळी उचलली की स्कोअर मोटर फिरताना दिसते, तिच्यावरच्या चकत्या पातळ पट्ट्यांचे स्विच उघडताना-मिटताना दिसतात. गुण मोजत नाही? बहुतेकदा कॉन्टॅक्ट, म्हणजे स्विचचं टेकणारं टोक, मळलेला असतो, नाहीतर स्टेपरमधलं (गुण मोजत एकेक पाऊल सरकणाऱ्या चाकामधलं) जुनं ग्रीस गोंदासारखं घट्ट झालेलं असतं. मशीनचा प्लग काढायचा, दोन कॉन्टॅक्टच्या मध्ये जाड कागदाची पट्टी घालायची, बोटाने हलकेच दाबून ओढून घ्यायची. कागदावर काळी रेघ उमटली की चोर सापडला! फ्लिपरच्या (चेंडू उडवणाऱ्या दांड्याच्या) स्विचचे टंगस्टनचे कॉन्टॅक्ट मात्र कानशीनेच घासावे लागतात. वेळ जातो तो सर्किटचा नकाशा वाचण्यात. तो शिकण्याची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

बोर्डवाल्या मशीनचा मोठा फायदा म्हणजे त्यात स्वतःची तपासणी करण्याची सोय असते. खूप चाललेल्या मॉडेलचे बोर्ड नवे बनवलेलेही मिळतात, त्यामुळे काम पटकन उरकतं. पण बॅलीच्या सुरुवातीच्या मशीनमध्ये मुख्य बोर्डावरच निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळली की हिरवट बुरशीसारखा थर तांब्याच्या रेघा खाऊन टाकतो. अशी बॅटरी दिसली तर मशीन चालू करायच्या आधी ती काढा. कनेक्टर तपकिरी पडलेले असतील तर दोन्ही बाजूंच्या पिना बदला. इथले सोन्याचा मुलामा दिलेले स्विच कानशीने घासू नका. मुलामा गेला की स्विच गेला. आणि बॅलीच्या या मशीनमध्ये आकडे दाखवणाऱ्या डिस्प्लेला सुमारे १९० व्होल्ट लागतात, तेव्हा मशीन चालू असताना तिथे हात नकोच.

मशीन कुठलंही असो, वायरिंग पुन्हा करता येतं, कॉइल बदलता येते. मागच्या काचेचं चित्र मात्र आतल्या बाजूने छापलेलं असतं. त्याचे पोपडे सुटू लागले की ते तिथेच थांबवता येतात, उडालेला रंग परत येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी काचेमागे दिवा धरा. उजेडाचे ठिपके किती दिसतात ते मोजा, आणि मगच भावाचं बोला.