आमच्या एफपीएल लीगची घरची नियमावली : दीड वर्ष वापरल्यानंतर

फँटसी प्रीमियर लीग (एफपीएल) म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधले खरे खेळाडू निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचा ॲपवरचा खेळ. तो खेळणाऱ्यांसाठीच हे लिहितोय. १०० मिलियनचं बजेट, १५ खेळाडू, एका क्लबचे जास्तीत जास्त ३, जादा ट्रान्सफरला (खेळाडू बदलायला) उणे ४ गुण, हे सगळं तुम्हाला पाठ असेल. ॲपचे नियम ॲप सांभाळतं. मित्रांमध्ये लीग चालवायची तर घरचे नियम वेगळे लागतात, आणि माझा अनुभव त्या घरच्या नियमांचा आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये नाशिकच्या कॉलेज रोडला चहा पिता पिता आम्ही अकरा जणांनी दहा नियम ठरवले. एकाने ते वहीच्या पानावर लिहिले, फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि पिन केला. तोच कागद खाडाखोड करत आजही चालू आहे. दहापैकी नऊ नियमांवर माझा राग नाही. चौथ्या नियमाने मात्र माझा दुसरा नंबर घालवला, आणि तोही ३ गुणांनी.

नियम ४ असा होता : ‘डेडलाइन शनिवारी दुपारी ३.३०. शुक्रवारी सामना असेल तर रात्री ११. सबब चालणार नाही.’ लिहिला तेव्हा तो बरोबरच होता. गेमवीक म्हणजे सामन्यांची एक फेरी; तिच्या पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी टीम बदलायची डेडलाइन असते. शनिवारचा पहिला सामना तिकडे साडेबाराला, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे पाच वाजता. त्यातून दीड तास काढला की साडेतीन.

पण इंग्लंडची घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती एक तास मागे जातात आणि आपल्याकडची डेडलाइन एक तास उशिरा येते : साडेतीनची साडेचार, अकराची बारा. २७ ऑक्टोबर २०२४ ला हे झालं तेव्हा कोणाचंच नुकसान झालं नाही, उलट तासभर जास्त मिळाला. मग कोणीतरी कागदावर नव्या वेळा लिहिल्या. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी अशा तिन्ही महिन्यांत मंगळवारी सुरू होणारा गेमवीक आला आणि तिन्ही वेळा डेडलाइन रात्री साडेअकराची होती, म्हणून ‘मंगळवार ११.३०’ ही ओळही चढली. कागद चार महिने अचूक निघाला की माणूस ॲप बघायचं सोडून कागद बघायला लागतो. मी तेच केलं.

३० मार्च २०२५, गुढीपाडवा. त्याच पहाटे इंग्लंडची घड्याळं एक तास पुढे गेली. त्याच रात्री एफए कपच्या उपांत्यपूर्व सामन्यात बोर्नमथविरुद्ध हालांडचा घोटा दुखावला. माझा कॅप्टन, म्हणजे ज्याचे गुण दुप्पट होतात तो खेळाडू, हालांड होता. २९व्या गेमवीकमध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यामुळे न्यूकॅसलचा लीगचा सामनाच नव्हता, म्हणून मी त्यांच्या आयझॅकला विकलं होतं. आता बेत सरळ होता : मंगळवारी हालांड बाहेर, आयझॅक आत, कॅप्टन आयझॅक. दोन ट्रान्सफर शिलकीत होत्या, एक गुणही कापला जाणार नव्हता.

मी पतसंस्थेत हिशेब बघतो. वर्षअखेरीचं काम १ एप्रिललाही संपत नाही. रात्री अकराला इंदिरानगरला घरी पोचलो, हात-पाय धुतले आणि ॲप उघडलं. डेडलाइन गेलेली. आर्सेनल-फुलहॅम सामना तिकडे पावणेआठला होता, म्हणजे डेडलाइन आपल्याकडे पावणेअकराला. ती हुकून वीस मिनिटं झाली होती आणि कागदावर अजून पंचवीस मिनिटं शिल्लक होती.

दुसऱ्या दिवशी आयझॅकने ब्रेंटफर्डविरुद्ध गोल केला. फॉरवर्डच्या गोलाचे ४, साठ मिनिटं खेळल्याचे २, कॅप्टन म्हणून दुप्पट. माझ्याकडे हालांडच्या जागी बेंचवरचा बचावपटू आत आला आणि १ गुण घेऊन गेला. कॅप्टन न खेळल्यामुळे कॅप्टनपद व्हाइस-कॅप्टन, लिव्हरपूलच्या सालाहकडे गेलं, पण त्या रात्री गोल त्याचा नव्हता. लिव्हरपूलने एव्हर्टनला १-० हरवलं आणि गोल दिओगो जोटाने केला. तो जोटा पुढे तीनच महिन्यांत अपघातात गेला. त्या रात्रीच्या गुणांचा हिशेब आठवला की आता तो गोलच आधी डोळ्यांसमोर येतो.

मी ग्रुपवर मागणी केली : चूक लीगच्या कागदाची आहे, तेव्हा माझे गुण हाताने वाढवून अंतिम तक्ता वेगळा ठेवा. दहा जणांनी मत दिलं. सात विरुद्ध, तीन बाजूने. पुढचे तीन आठवडे मी ग्रुपवर एक शब्द लिहिला नाही. माझं ठाम मत होतं की लेखी नियम पाळणाऱ्याला लीगने संरक्षण दिलं पाहिजे.

त्या मतावर मी आज नाही, आणि त्याचं कारण डिसेंबरमध्ये आहे.

७ डिसेंबर २०२४ चा एव्हर्टन-लिव्हरपूल सामना डाराघ वादळामुळे त्याच सकाळी रद्द झाला. आमच्यातला एक जण त्या दिवशी दिंडोरीला लग्नात होता. त्याचा कॅप्टन सालाह, आणि व्हाइस-कॅप्टनही लिव्हरपूलचाच. दोघंही खेळले नाहीत, म्हणजे कोणाचेच गुण दुप्पट झाले नाहीत. त्याने विनंती केली की निदान तिसऱ्या खेळाडूचे तरी दुप्पट धरा. तेव्हा सगळ्यात आधी मीच लिहिलं होतं : ‘ॲप देईल तेच गुण. हाताने एक गुणही बदलायचा नाही.’ एप्रिलमध्ये त्याने माझा तोच मेसेज मला पाठवला. खाली एक शब्दही जोडला नव्हता.

त्याचं नुकसान पुढे थोडं भरून निघालं. रद्द झालेला सामना १२ फेब्रुवारीला २४व्या गेमवीकमध्ये खेळवला गेला, लिव्हरपूलचे त्या गेमवीकला दोन सामने झाले आणि सालाहने दोन्हींत गोल केले. तेव्हा हाताने गुण दिले असते तर ते परत काढून घ्यायचे का, यावर दुसरं भांडण झालं असतं. (कॅप्टन आणि व्हाइस-कॅप्टन एकाच क्लबचे ठेवू नका. हा नियम कागदावर नाही, पण आमच्यात आता सगळे पाळतात.)

म्हणून ‘ॲप देईल तेच’ हा नियम ७ मी आता सगळ्यात वर ठेवतो. माझे गुण त्यानेच नाकारले, तरीही. अकरा मित्रांनी दर आठवड्याला एकमेकांच्या अडचणी तोलायला बसावं, यापेक्षा एकाने एकदा तोटा सोसावा हे बरं.

अनपेक्षित आनंद दिला तो नियम ९ ने. शेवटचा आलेला सगळ्यांना मिसळ खाऊ घालेल, पापड आणि जिलबीसह. मी याला सुरुवातीला विरोध केला होता, कारण ज्याची टीम बुडाली त्याचाच खिसा कापायचा हे मला पटत नव्हतं. पण आधीच्या वर्षी आम्ही नियमांशिवाय खेळलो होतो, तेव्हा जानेवारीनंतर चार टीमना कोणी हात लावला नव्हता. जखमी खेळाडू तसेच, कॅप्टन तोच. हेड-टू-हेडमध्ये, म्हणजे दर गेमवीकला दोन-दोन टीम एकमेकींशी भिडतात त्या प्रकारात, अशा टीमसमोर येणाऱ्याला फुकट ३ गुण मिळतात आणि सगळा तक्ता बिघडतो. मिसळीचा नियम आल्यावर खालचे दोघं २५ मे २०२५ च्या शेवटच्या दिवसापर्यंत झुंजले. एकाने तर वाइल्डकार्ड (गुण न कापता सगळी टीम बदलायची सवलत) केवळ अकराव्या नंबरातून सुटण्यासाठी जपून ठेवलं होतं. मखमलाबाद रोडला मळ्यात बसून आम्ही ती मिसळ खाल्ली. बिल ज्याने भरलं तो रस्सा वाढताना हसत होता. त्या दिवशी विरोध मागे घेतला.

पैशाबद्दल : नियम २ प्रमाणे पहिल्या वर्षी माणशी ३०० रुपये जमा केले. ते मला कधीच आवडलं नाही. टर्फ बुक करायला वापरा म्हणालो, तर निम्मे विजेत्याला गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला आणि आम्ही ती रोख भानगडच बंद केली. आता नुसता करंडक फिरतो. माझ्या मते लीग त्याने सुधारली.

२०२५-२६ च्या हंगामात बारावा भिडू आला, त्यामुळे हेड-टू-हेडमध्ये ॲप जी ‘ॲव्हरेज’ टीम घुसवायचं ती गेली. चिप्सचे (वाइल्डकार्डसारख्या सवलतींचे) दोन संच, बचावाच्या कामाचे २ गुण, हे ॲपचे बदल आहेत. घरच्या नियमांना त्याने फरक पडला नाही.

नियम ४ मी स्वतः पुन्हा लिहिला : ‘कागदावर वेळ लिहायची नाही. आपल्या फोनवर ॲपमध्ये जी वेळ दिसते तीच डेडलाइन. ज्याची पाळी असेल त्याने आदल्या संध्याकाळी ती ग्रुपवर टाकायची.’ पाळी लावली, कारण पहिल्या वर्षी सगळा भार एकावरच होता आणि तो अंबडला दुसऱ्या शिफ्टमध्ये काम करतो. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे रात्री साडेअकरापर्यंत त्याला काहीच बघता यायचं नाही. एप्रिलमध्ये मी त्याच्यावर चिडलो होतो, आणि ते चूक होतं. कागद आम्ही सगळ्यांनी मिळून केला होता. नव्या नियमावर त्याने सगळ्यात आधी ‘मान्य’ लिहिलं.

या नव्या नियमाची खरी परीक्षा अजून व्हायची आहे. २९ मार्च २०२६ ला इंग्लंडची घड्याळं पुन्हा पुढे जातील आणि तेव्हा पतसंस्थेत वर्षअखेरच चालू असेल. त्यानंतरच्या पहिल्या गेमवीकचा निरोप टाकायची पाळी यादीप्रमाणे माझी नाही. ती मी मागून घेतली आहे.