पाथ ऑफ एक्झाइल 2 चा अर्ली अ‍ॅक्सेस: बरेच महिने खेळल्यानंतर

पाथ ऑफ एक्झाइल 2 हा राक्षस मारत, लूट गोळा करत पुढे जायचा ऑनलाइन अॅक्शन गेम आहे. 6 डिसेंबर 2024 ला त्याचा अर्ली अ‍ॅक्सेस (पूर्ण व्हायच्या आधीच गेम खेळायला मिळणं) उघडला तेव्हाच 30 डॉलरवाला पॅक घेतला होता. पूर्ण गेम आला की फुकट मिळणार हे माहीत होतं, तरी घेतला, कारण पहिला पार्ट मी कॉलेजपासून खेळतोय आणि तो बनवणारे ग्राइंडिंग गियर गेम्सवाले आपला गेम वर्षानुवर्षं सुधारत राहतात हे बघितलेलं आहे. मला जे सांगायचंय ते आधीच सांगतो, स्टोरी संपेपर्यंत यात जी मारामारी आहे तशी या जातीच्या दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये मला मिळाली नाही, आणि स्टोरी संपली की हाच गेम ती मारामारी बाजूला ठेवून नुसता पळत सुटतो.

मी वॉरियर हे पात्र घेतलं. त्याचा हातोडा हळू चालतो, खूप हळू, आणि सुरुवातीला बरेच लोक यावरच वैतागले. पण त्याचा बोनशॅटर हा खास फटका नीट वापरून बघा. आधी साध्या फटक्यांनी राक्षसाला स्टनच्या (सुन्न होऊन थांबण्याच्या) काठावर आणायचं, तशी खूण दिसली की लगेच बोनशॅटर हाणायचा, मग जो स्फोट होतो त्यात आजूबाजूचे पण उडतात. म्हणजे आंधळेपणाने एकच बटण दाबत बसायचं नाही, समोरच्याकडे बघून मारायचं. डॉजचं पण तसंच, लोळून तुम्ही वार आणि बाण चुकवू शकता पण जमिनीवर आपटून केलेला मोठा हल्ला लोळल्याने चुकत नाही, त्या जागेतून बाहेरच पडावं लागतं.

हे सगळ्यात भारी जाणवलं स्टोरीच्या पहिल्या अ‍ॅक्टच्या शेवटी, काउंट जिओनर या बॉसपाशी. माझा मामेभाऊ इथेच लोकमान्य नगरला राहतो, तो रविवारी आमच्याकडे रामबागेत येतो, आणि या गेममध्ये एकाच मशीनवर दोघांना खेळता येतं म्हणून आम्ही हॉलमधल्या टीव्हीला जोडून दोन कंट्रोलर घेऊन बसलो. त्याची सॉर्सरेस (जादूगारीण) लांबून मारणार, मी पुढे. जिओनर आधी तलवार आणि बर्फ घेऊन लढतो, मध्येच धुकं पसरतं, आणि मग तो लांडगा होतो आणि सगळा हिशोब बदलतो. भाऊ ओरडतोय, "दादा मागे हो, मागे!", माझा लाइफ भरायचा फ्लास्क रिकामा, आणि मेलात तर बॉस परत फुल लाइफवर, त्यामुळे अर्धवट मारून काही हाती लागत नाही. पडला तेव्हा आतून आई बघायला आली काय झालं म्हणून. लूट काही खास नव्हती पण त्याचं काही वाटलं नाही.

स्किल जेम्सचं (पात्राला हल्ले देणारी रत्नं) नवं काम पण मला फार आवडलंय. पहिल्या पार्टमध्ये सपोर्ट जेम्स (हल्ल्याला जोड देणारी रत्नं) चिलखताच्या सॉकेटमध्ये (खाचेत) बसवायचे, चांगलं चिलखत मिळालं तरी सॉकेट आणि लिंक जुळत नाहीत म्हणून स्टॅशमध्ये (सामानाच्या पेटीत) पडून राहायचं. आता सॉकेट जेममध्येच आहेत, हवं ते चिलखत घाला, बिल्ड (स्किल आणि सामानाची जुळवणी) मोडत नाही. पॅसिव्ह ट्री (पॉइंट टाकून पात्राची ताकद वाढवायचा नकाशा) अजून तेवढंच अवाढव्य आहे, पण गोल्ड देऊन पॉइंट परत घेता येतात.

पॅचबद्दल (गेमच्या अपडेटबद्दल) थोडक्यात. एप्रिल 2025 च्या 0.2 मध्ये भालेवाली हंट्रेस आली पण नर्फ इतके केले (म्हणजे ताकद कमी केली) की खेळणं जड झालं, मी काही दिवस सोडूनच दिला होता. ऑगस्टच्या 0.3 ने परत ओढलं. चौथा अ‍ॅक्ट आला, क्रुएल या अवघड पातळीत तेच तीन अ‍ॅक्ट दुसऱ्यांदा खेळायची सक्ती गेली, डॉजचं बटण दाबून धरलं की धावता येतं (धावताना फटका बसला तर तोंडावर आपटता, हे बरोबर केलंय). आणि ट्रेड! आधी विकणाऱ्याला मेसेज टाकून वाट बघत बसायचं, उत्तर येईल न येईल. आता तो ऑनलाइन नसला तरी त्याच्या हाइडआउटवर (गेममधल्या अड्ड्यावर) जाऊन वस्तू घेता येते.

आता एंडगेम, म्हणजे स्टोरी संपल्यानंतरचा खेळ. वेस्टोन नावाचा दगड टाकून मॅप (लढायची एक जागा) उघडायचा आणि तिथे झुंडच्या झुंड अंगावर येते, स्क्रीनभर इफेक्ट, कोणी काय केलं दिसतच नाही, त्यामुळे ज्याने आधी उडवलं तो जिंकला. बघून मारायला जे शिकलो त्याचा इथे उपयोग नाही. सुरुवातीला एकदा मेलं की मॅप गेला आणि एक्सपीपण (अनुभवाचे पॉइंट), नंतर मॅपचं सैल केलं ते चांगलं झालं. पण वेग तसाच आहे. वर गेम पूर्ण ऑनलाइन, मी सिंगापूर सर्व्हरवर खेळतो, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) ठीक असतो पण आमचं नेट संध्याकाळी मध्येच झटके देतं आणि मॅपमध्ये तेवढा एक झटका पुरतो. स्टोरीत असं झालं तर मागच्या चेकपॉइंटपासून सुरू करता येतं, मॅपमध्ये तेवढी सवलत नाही.

मला मनापासून वाटतं की मॅपमध्ये राक्षस निम्मे करा, प्रत्येकाला जिओनरसारखी दोन-तीन ओळखता येतील अशी चाल द्या, बक्षीस तेवढंच ठेवा. फीडबॅकमध्ये मी हेच लिहून पाठवलंय. नवीन कोणी घेत असेल तर वॉरियर किंवा मंक घ्या, कोणाचं बिल्ड कॉपी न करता निदान जिओनरपर्यंत जा, आणि शक्य असेल तर कोणाला तरी शेजारी बसवून खेळा.