बीएस्सी लास्ट इयरनंतर एमएस्सी: केगाव की पुणे?

निकालाचे दिवस आले की सोलापुरातल्या बीएस्सीच्या पोरापोरींना एकच प्रश्न पडतो, एमएस्सी केगावला आपल्या सोलापूर विद्यापीठात करायची की पुणे गाठायचं. घरचे एक सांगतात, कॉलेजचे सर दुसरं सांगतात आणि पुण्यातला मावसभाऊ तिसरंच काहीतरी. मी केगावच्या कॅम्पसवरून फिजिक्समध्ये एमएस्सी केली आणि आता पुण्यात पीएचडी करतेय, म्हणजे दोन्हीकडचं आतून बघितलंय, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. जॅम म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा, तिच्यातून आयआयटी मिळत असेल किंवा पुणे विद्यापीठाच्या मेन कॅम्पसला तुमच्या विषयात नंबर लागत असेल तर बिनधास्त जा. पण नुसतं पुणं म्हणून तिथल्या कुठल्यातरी कॉलेजात ॲडमिशन घेणार असाल तर केगाव कधीही बरं. फक्त एक अट आहे, केगावला राहून एका उन्हाळ्यात बाहेरच्या चांगल्या लॅबमध्ये दोन महिने काम करायचंच.

आता समोरासमोर बघू. आपलं विद्यापीठ २००४ चं, त्याआधी जिल्ह्यातली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. पुण्याचं १९४९ चं. वयातला हा फरक लायब्ररीत, माजी विद्यार्थ्यांच्या ओळखीत आणि मशीनमध्ये दिसतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. पुण्याच्या कॅम्पसमध्येच आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, पलीकडं पाषाणला एनसीएल ही रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था, त्यामुळं संध्याकाळी चालत जाऊन एखादं मोठं लेक्चर ऐकून येता येतं. केगावला हे नाही. पण आपलं विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरतं आहे, त्यामुळं पुण्यासारखी गर्दी नसते, आणि गर्दी नसण्याचा सगळ्यात मोठा फायदा लॅबमध्ये होतो.

उदाहरण देते. प्रोजेक्टला मी कॅडमियम सल्फाइडची थिन फिल्म, म्हणजे काचेवर पातळ थर, करायचे. काचेच्या स्लाइड घासून धुवून घ्यायच्या, बीकरमध्ये कॅडमियमच्या क्षाराचं द्रावण घेऊन त्यात थेंबथेंब अमोनिया सोडायचा, आधी पांढरा साका येतो आणि अजून अमोनिया घातला की तो विरघळून पाणी परत स्वच्छ होतं. मग थायोयुरिया घालायचा, स्लाइड उभ्या टेकवायच्या आणि बाथचं, म्हणजे त्या द्रावणाचं, तापमान सत्तर अंशांच्या आसपास धरून बसायचं. हळूहळू द्रावण पिवळं पडतं, बाहेर काढून धुतली की काचेवर पिवळा थर. साका विरघळायच्या आधीच थायोयुरिया घातला तर फिल्म खरबरीत येते आणि बोटानं पुसली तरी निघते. हे पुस्तकात वाचून कळत नाही, स्वतः बाथपाशी उभं राहून चार वेळा बिघडवलं की कळतं. मला ते बिघडवायला मिळालं कारण बाथसाठी रांग नव्हती आणि सर शेजारीच उभे असायचे. पुण्यातल्या गर्दीच्या कॉलेजात शिकलेल्या माझ्या मैत्रिणीनं हेच प्रॅक्टिकल ग्रुपमध्ये केलं, रीडिंग एकानं घेतलं आणि बाकीच्यांनी उतरवून घेतलं. मोठ्या मशीनचं मात्र उलटं आहे, त्यासाठी आमची सॅम्पल डबीत घालून कधी कोल्हापूर कधी पुणे अशी जायची आणि रिपोर्टची वाट बघावी लागायची.

आता संधींचं, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. संधीच्या नोटिसा पुण्यात असो की केगावात, सारख्याच असतात, फरक पडतो तो कुणीतरी थांबवून सांगण्यात. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांची मिळून एक समर फेलोशिप आहे, दोन महिने एखाद्या नामांकित संस्थेत काम, तिचे फॉर्म साधारण नोव्हेंबरपर्यंत भरायचे असतात. म्हणजे एमएस्सीला येऊन जेमतेम तीन महिने झालेले असतात आणि त्यातच एका शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. इथं छोटा विभाग कामाला येतो, कारण तीन महिन्यांत सरांना तुमचं नाव, तुमचं काम, तुम्ही कुठं अडता हे सगळं माहीत झालेलं असतं आणि पत्र खरंखुरं लिहिलं जातं. कशावर काम करायचंय ते थोडक्यात लिहावं लागतं, ते नेटवरून उचलू नका, स्वतःच्या बीएस्सीच्या प्रोजेक्टवरून लिहा. सेम टूची परीक्षा लांबून फेलोशिपच्या तारखांना आडवी येऊ शकते, तसं झालं तर गाइडला लगेच मेल करून तारीख पुढं मागायची, गप्प बसून सीट घालवायची नाही.

पीएचडीचा विचार असेल तर सीएसआयआर नेट ही देशपातळीवरची परीक्षा आहेच, ती वर्षातून दोनदा होते आणि तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप निघाली की महिन्याला ३७,००० रुपये स्टायपेंड, २०२३ पासून हा दर आहे. तिथं पदवी केगावची का पुण्याची हे कुणी विचारत नाही, पेपर सगळ्यांना एकच. दुसरं म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची (डीएसटी) इन्स्पायर फेलोशिप, विद्यापीठात एमएस्सीला विषयात पहिला नंबर आला की पीएचडीसाठी तिला अर्ज करता येतो. पहिला नंबर एकालाच मिळतो हे खरं, पण जो मनापासून अभ्यास करतो त्याला सोलापुरात ती शर्यत आवाक्यातली वाटते. बार्टी, सारथी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजगटांसाठीच्या सरकारी संस्थांच्याही पीएचडी फेलोशिप आहेत, आपण ज्या गटात बसतो त्याची साइट ॲडमिशनच्या आधीच बघून ठेवा.

जॅमबद्दल जाता जाता एवढंच की फॉर्म सप्टेंबरच्या सुमारास सुटतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते, म्हणजे लास्ट इयरला असतानाच. जून उजाडल्यावर जॅमची आठवण काढून उपयोग नाही. जॅमच्या स्कोअरवर आयआयटीशिवाय एनआयटीतही जाता येतं, हे आपल्याकडं फार कमी पोरांना माहीत असतं.

आता नवीन भानगड, चौथं वर्ष. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणं स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ ला आणि बाकी कॉलेजांत २०२४-२५ ला ज्यांनी बीएस्सीला ॲडमिशन घेतलं त्यांना तीन वर्षांवर थांबून दोन वर्षांची एमएस्सी करता येते, किंवा चौथं वर्ष ऑनर्सचं करून एमएस्सी एका वर्षात उरकता येते. एकूण वर्षं पाचच. संशोधनासह ऑनर्स घ्यायचं तर पहिल्या सहा सेममध्ये ७५ टक्के लागतात, आणि चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झाली की एमएस्सी न करताही पीएचडीसाठी पात्र होता येतं. ऐकायला भारी वाटतं. पण माझं म्हणणं, तुमच्या कॉलेजच्या त्या विभागात खरंच संशोधन चालू असेल, पीएचडीची पोरं रोज लॅबमध्ये दिसत असतील तरच चौथं वर्ष तिथं काढा. नाहीतर तेच वर्ष केगावला किंवा पुण्याला कॅम्पसवर घातलेलं चांगलं, कारण संशोधनाचं वर्ष रिकाम्या लॅबमध्ये गेलं तर हातात नुसता कागद राहतो.

विषयाप्रमाणंही उत्तर बदलतं. केमिस्ट्रीवाल्यांना नोकरी लवकर हवी असेल तर सोलापूर अजिबात वाईट नाही, चिंचोळी एमआयडीसीत केमिकल आणि औषधांच्या कंपन्या आहेत, बालाजी अमाइन्स तर इथलीच, क्यूसीमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासण्याच्या कामात, सुरुवात करून पुढं गेलेली बरीच पोरं ओळखीत आहेत. बॉटनी, मायक्रोबायोलॉजीवाल्यांनी तर डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोडून लांब बघायचंच कशाला, ते केगावलाच आहे आणि डाळिंबावरच्या तेल्या रोगानं बागाच्या बागा जातात हे आपल्याइतकं कुणाला माहीत, त्यावर डिझर्टेशन करायला मिळालं तर पुण्यातला कुठलाही प्रोजेक्ट त्यापुढं फिका. जिऑलॉजीवाल्यांना पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आणि पाणीटंचाईचा जिल्हा, भूजलाचा अभ्यास इथं करायचा नाही तर कुठं. ॲस्ट्रोफिजिक्स डोक्यात असेल तर मात्र सरळ पुणं, तिथं वाद नको.

आणि एक गोष्ट आवर्जून सांगते, सोलापूर म्हणजे संशोधनात मागं असं समजू नका. कृत्रिम पावसाचा शास्त्रीय प्रयोग पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं आपल्या आकाशात केला, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात, इथं रडार बसवून, कारण सोलापूर पर्जन्यछायेत येतं. ढगांत बीजारोपण केलेल्या, म्हणजे पावसासाठी कण सोडलेल्या, भागात साधारण १८ टक्के जास्त पाऊस मोजला गेला. म्हणजे प्रश्न सोलापूरचा, संस्था पुण्याची. आपल्या पोरांनी असे प्रश्न घेऊन त्या संस्थांच्या दारात जावं असं मला फार वाटतं.

पैशाचं थोडक्यात. पुण्यात रूम आणि मेसचा खर्च फीपेक्षा कितीतरी जास्त होतो, केगावला मोहोळ, बार्शी, अक्कलकोटहून पोरं एसटीच्या पासवर येऊन जाऊन करतात, मुलींना तर तिकीटही अर्धं. घरून परवानगीचा प्रश्न असतो तिथं हाच मुद्दा निकाली ठरतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण येण्याजाण्यात चार तास जात असतील तर हॉस्टेलचा फॉर्म भरा, प्रोजेक्टच्या वर्षी लॅब संध्याकाळी सातपर्यंत लागते आणि शेवटच्या गाडीकडं लक्ष ठेवून फिल्म करता येत नाही.

फी भरायच्या आधी एक दिवस काढून दोन्हीकडं प्रत्यक्ष जा, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणं एका दिवसात होतं. हेडना भेटायच्या आधी एमएस्सी टूच्या पोरांना गाठा आणि तीनच गोष्टी विचारा: प्रोजेक्ट एकट्याला मिळतो का ग्रुपमध्ये, गेल्या उन्हाळ्यात वर्गातलं कोण कुठं गेलं होतं, आणि सर लॅबमध्ये किती वेळ असतात.