नांदूरमध्यमेश्वर की कळसूबाई-हरिश्चंद्रगड: नाशिकहून एक रविवार कुठे घालवावा?

नाशिक जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान एकही नाही. राज्यात सहा आहेत, त्यातलं आपल्याला सोयीचं म्हणजे बोरिवलीचं. पण त्यासाठी कसारा घाट उतरून मुंबईच्या गर्दीत शिरायचं! त्यामुळे घरात 'मुलांना जंगल दाखवू' असा विषय निघाला की गाडी दोन अभयारण्यांवर येऊन थांबते. एक निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर, दुसरं घोटीच्या पुढे अकोले तालुक्यातलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड. दोन्ही १९८६ साली जाहीर झालेली, बाकी साम्य जवळपास शून्य. नांदूरमध्यमेश्वर जवळ म्हणून आधी उरकून टाकू, असा हिशेब बरेच जण करतात. माझं मत वेगळं आहे: किलोमीटर सोडा, कॅलेंडर बघा.

डिसेंबर-जानेवारी असेल तर डोळे झाकून नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे शंभर वर्षांहून जुना बंधारा आहे, कोपरगावपर्यंतच्या शेतीला कालव्यांनी पाणी देण्यासाठी बांधलेला. दरवर्षीच्या पुराबरोबर गाळ येत गेला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, कडेला पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हे नुकसानच. पण बदकांना आणि चिखलात चोच खुपसणाऱ्या पाणपक्ष्यांना नेमकं हेच उथळ पाणी लागतं. पावसाळ्यात गंगापूर आणि दारणा धरणांतून सोडलेलं पाणी इथूनच जायकवाडीकडे जातं, म्हणजे नाशिकात रामकुंडावर पुराची खूण मानली जाणारी दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडते तेव्हा इकडे बेटंही पाण्याखाली असतात. पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर (राजस्थानातलं प्रसिद्ध पक्षी उद्यान) म्हटल्याचं इथे सगळेच सांगतात. रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेली राज्यातली पहिली पाणथळ जागाही हीच, २०१९ सालची.

सकाळी सातच्या आत चापडगावच्या मनोऱ्यावर पोहोचायला हवं. नऊनंतर ऊन पाण्यावर चमकायला लागतं आणि पक्षी नुसते काळे ठिपके दिसतात. थापट्या बदकं चपटी चोच पाण्याला लावून गोल गोल फिरत खातात, तलवार बदकांच्या शेपट्या वर आणि डोकी खाली. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हे हंसासारखे पक्षी हिमालय ओलांडून आलेले असतात. शेजारच्या रानात क्रौंच दिसले तर नशीब समजा. मला मात्र कमळपक्षी बघत बसायला आवडतं. पायाची बोटं एवढी लांब की वजन पसरतं आणि तो पाण्यावरच्या पानांवरून आरामात चालतो. पान किंचित दबतं, पण बुडत नाही. रोहित पक्ष्यांसाठी म्हणून मुद्दाम जाऊ नका. आले तर आले. दुर्बीण नसेल तर स्थानिक गाईड जरूर घ्या, नाहीतर मुलं अर्ध्या तासात कंटाळतील.

कळसूबाई-हरिश्चंद्रगडचा मामला वेगळा. तिथे पाहायचा तो मुळात कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले, त्यातून हा सगळा मुलूख झाला. बारी गावातून कळसूबाई चढताना ते थर पायाखालून जातात: कुठे सरळ कडा, मध्ये शेताएवढी सपाटी, पुन्हा कडा. जिथे कडा फारच उभा आहे तिथे लोखंडी शिड्या. माथा १६४६ मीटर, राज्यात सर्वांत उंच, समोर अलंग-मदन-कुलंग हे किल्ले. पण पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी तिथे शिडीला रांग लागते, आणि नवरात्रात तर जत्राच. खरं अभयारण्य बघायचं तर शिखर सोडून रतनगडाच्या झाडीत शिरावं. हिरडा, बेहडा, जांभूळ, वरच्या फांद्यांत शेकरूचं घरटं. साम्रदची सांदण म्हणजे कातळातली खोल, अरुंद भेग. पावसाचे दिवस सोडूनच तिथे उतरायचं, कारण वरचा पाऊस खाली दिसत नाही आणि पाणी मात्र येतं.

मे संपता संपता, पहिल्या जोरदार पावसाआधी, भंडारदरा-घाटघर भागात काजवे असतात. अख्खं झाड एका तालात उजळतं आणि विझतं. ते लुकलुकणं म्हणजे नर-मादीचा निरोप असतो, त्यात गाडीचे दिवे आणि मोबाईलचा टॉर्च घुसला की निरोप पोहोचतच नाही. अलीकडे शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची जी रांग लागते ती बघून मी तरी मधल्या वारी जा असंच सांगेन. नाही जमलं तर मुक्काम गावात करा, आणि पाड्यातल्या माणसाबरोबर पायी जा.

आजी-आजोबा बरोबर असतील, गुडघे बोलत असतील, तर वाद नको: नांदूरमध्यमेश्वर. गाडीतून उतरून थोडं चाललं की मनोरा. कॉलेजातली पोरं असतील तर ती तिथे जांभया देतील, त्यांना रतनगडला न्या. चौथी-पाचवीतलं मूल असेल तर मी दोन्हीकडे नेईन, पण एकाच महिन्यात नाही. मार्चच्या शेवटी पाहुणे पक्षी निघून गेलेले असतात आणि डोंगर उन्हाने तापलेला असतो. त्या दिवसांत येवल्याकडे ममदापूरला जाऊन माळावरची काळविटं बघा. बाकी तिथे फारसं काही नाही, पण पहाटे कळप धावताना दिसला तर पैसे वसूल.

आणि पावसाळ्यात विचारत असाल तर घोटीपर्यंतही जाऊ नका. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी आहे. वरच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात फुलते, तिचं शास्त्रीय नावच या डोंगरावरून पडलं आहे. झाड गवतात सहज हरवेल एवढं लहान, म्हणून पायवाट सोडून पठारावर फिरू नका आणि गवतात बसकण मारून डबा उघडू नका.