लँडॉअर की कूलोम ब्लॉकेड? नॅनोरचनेची वाहकता काढण्याआधी

नॅनोरचनेतून किती प्रवाह जाईल हे काढायला बसलं की पहिला पेच हाच: प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटाच चाललाय असं धरायचं, की त्यांची आपसातली ढकलाढकल हिशेबात घ्यायची?

भौतिकशास्त्रज्ञ रॉल्फ लँडॉअर यांची रीत बहुतेक जण पहिल्या अर्थाने वापरतात. इलेक्ट्रॉन म्हणजे लाट. तिचा जेवढा भाग पलीकडे पोचेल तेवढी वाहकता. गणित आटोपशीर आहे, आणि रचना इलेक्ट्रोडना घट्ट जोडलेली असेल तर उत्तरही चोख येतं. 1988 मध्ये अरुंद संपर्कांची वाहकता ठरलेल्या पायऱ्यांनी चढताना दिसली; एकच पायरी उघडी असेल तर रोध सुमारे 12.9 किलोओहम. (तिथेही पहिल्या पायरीच्या 0.7 उंचीवर एक आगाऊ खांदा डोकावतो, आणि तो एकट्या इलेक्ट्रॉनच्या चित्रात बसत नाही.)

दुसरी रीत कूलोम ब्लॉकेडची, म्हणजे ढकलाढकलीमुळे प्रवाह अडतो असं धरणारी. तिच्यात रचना म्हणजे एक छोटं बेट. त्यावर आणखी एक इलेक्ट्रॉन चढवायचा तर आधीचे त्याला मागे रेटतात. ती किंमत म्हणजे इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचा वर्ग भागिले बेटाची धारिता (प्रभार साठवण्याची क्षमता). धारिता 1 अ‍ॅटोफॅरड असेल तर 160 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, खोलीच्या तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्या, म्हणजे 25 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या, सहापटीहून जास्त. धारिता हजारपट वाढली की तीच किंमत 2 केल्विन तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्याही खाली येते. मग क्रायोस्टॅटला, म्हणजे अतिथंड ठेवणाऱ्या उपकरणाला, पर्याय नाही.

फरक सर्वांत उघड दिसतो तो गेट व्होल्टेज (बेटाशेजारच्या नियंत्रक इलेक्ट्रोडवरचं व्होल्टेज) हळूहळू वाढवताना. प्रवाह जवळजवळ शून्य, मग एक टोकदार शिखर, पुन्हा शून्य. दर शिखरामागे बेटावर एक इलेक्ट्रॉन वाढलेला असतो. शिखरं लँडॉअरच्या गणितातही येतात, पण तिथे एकाच पातळीवर उलट स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन फुकटात बसतात. प्रत्यक्षात दुसऱ्याला ती किंमत मोजावीच लागते, म्हणून शिखरांमधलं अंतर चुकतं.

निवडीसाठी मी दोनच आकडे बघतो. दोन्ही बाजूंच्या संपर्कांचा रोध 25.8 किलोओहमहून बराच जास्त आहे का, आणि ती किंमत औष्णिक ऊर्जेहून बरीच मोठी आहे का? दोन्हींना ‘हो’ असेल तर ब्लॉकेडची रेट इक्वेशन्स (इलेक्ट्रॉन बेटावर किती वेगाने चढतात-उतरतात याची समीकरणं) घ्या. संपर्क अगदी मोकळे असतील तर लँडॉअर.

अडचण मधल्या पट्ट्यात आहे. बेटावर विषम संख्येने इलेक्ट्रॉन असताना थंड करत गेलं की दोन शिखरांमधली दरी भरून यायला लागते. हा कोंडो परिणाम (बेटावरच्या एकट्या स्पिनची इलेक्ट्रोडमधल्या इलेक्ट्रॉनांशी होणारी गुंफण), क्वांटम डॉटमध्ये, म्हणजे अशाच बेटात, 1998 मध्ये दिसला. साधी रेट इक्वेशन्स इथे तोंडघशी पडतात, एकट्या इलेक्ट्रॉनचं लँडॉअरही कामाचं नाही. न्यूमरिकल रीनॉर्मलायझेशन ग्रुपसारखं जड गणित करावं लागतं. कार्बन नॅनोट्यूबचं गणित आणखी वेगळं: तापमान उतरतं तशी वाहकता घात-नियमाने (पॉवर लॉ) घटते, तिथे लटिंजर द्रवाकडे, म्हणजे एका मितीतल्या ढकलाढकल करणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या सिद्धांताकडे, वळा.

नमुना नॅनो नसून अखंड स्फटिक असेल तरी सुटका नाही. इलेक्ट्रॉनांची ढकलाढकल सोडून देणारा साधा पट्टसिद्धांत (बँड थिअरी) निकेल ऑक्साइडला धातू ठरवतो, तो आहे विद्युतरोधक. 1937 पासून हे ठाऊक आहे.