सोजतची साधी मेंदी पावडर, केसांसाठी घ्यावी का?

घ्या, बिनधास्त घ्या. पण तासाभरात काळेभोर केस हवे असतील तर ही पावडर त्यासाठी नाहीये. राजस्थानातल्या सोजतची मेंदी, तिला 2021 मध्ये जीआय टॅगपण (त्या-त्या भागाच्या खास मालाला मिळणारी सरकारी ओळख) मिळालाय, आणि पाकिटावर घटक म्हणून एकच नाव, लॉसोनिया इनर्मिस, म्हणजे मेंदीच्याच झाडाचं शास्त्रीय नाव. मला नेमकं तेवढंच हवं होतं.

रंग देतं ते पानातलं लॉसोन, म्हणजे 2-हायड्रॉक्सी-1,4-नॅफ्थोक्विनोन. वाळलेल्या पानात ते असतं साधारण एक-दोन टक्के, त्यातही बरंचसं साखरेला बांधलेल्या रूपात, म्हणूनच कोमट पाण्यात लिंबू पिळून पेस्ट काही तास झाकून ठेवायची, मग ते हळूहळू सुटं होतं, उकळतं पाणी मात्र अजिबात नको. तळहातावर टिपका लावा, थोड्या वेळाने पुसा, केशरी डाग दिसला की पेस्ट तयार. ह्या पावडरचा डाग मस्त येतो, ताजा माल आहे हे तिथेच कळतं.

दळण बारीक, काड्या नाहीत, वाळू नाही त्यामुळे धुताना त्रास होत नाही. पाकीट मात्र फालतू, झिप नाही, उघडलं की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावं लागतं. उरलेली पेस्ट मी फ्रीजरमध्ये टाकते, रंग चांगला टिकतो.

धुतल्या धुतल्या पांढरे केस एकदम भगवे दिसतात, घाबरून लगेच दुसरं काही थापू नका प्लीज, हवेतल्या ऑक्सिजनने एक-दोन दिवसांत शेड गडद होत जाते. लॉसोन केसातल्या केराटिन या प्रथिनालाच जोडलं जातं त्यामुळे शांपूने धुऊन जात नाही, मुळाशी नवीन वाढ दिसायला लागते तेवढंच. चहाचं पाणी आणि लोखंडी कढई ही आपल्याकडची जुनी पद्धत, त्याने रंग अजून खोल येतो, जरूर करा.

काळा रंगच हवा असेल तर मेंदी धुतल्यावर निळीच्या पानांची पावडर लावा. बाजारात 'काळी मेंदी' म्हणून मिळते तिच्यात बऱ्याचदा पीपीडी हे हेअर डायमधलं रसायन असतं, त्याने फोड येतात, ॲलर्जी आयुष्यभरासाठी मागे लागू शकते, घटक न वाचता पोरींच्या हाताला तर लावूच नका. आणि जी6पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांना किंवा तान्ह्या बाळांना साधी मेंदीसुद्धा नको, लॉसोनमुळे त्यांच्या लाल पेशी फुटू शकतात.

रंगाला पाचपैकी पाच, पाकिटाला दोन. दिवाळीआधी परत मागवणारे.